प्लॉट घ्यायच्या आधी जागा तपासून देतात ती सर्व्हिस, सोलापूर : आमचा अनुभव (५ पैकी ४)

नाव टाकत नाहीये. हे काम करणाऱ्या काकांनीच सांगितलं, ताई नाव नका टाकू, आम्ही दोनच माणसं आहोत, हातातलीच कामं पेलवत नाहीयेत. पण कलेक्टर ऑफिस, कोर्ट त्या बाजूला विचारत गेलात तर असं काम करणारे दोनचार जण भेटतील, म्हणून लिहितेय की हे काम म्हणजे नक्की काय असतं, पैसे कशाचे घेतात आणि ते द्यावेत की नाही.

आमचं असं झालं, सासरे एसटीतून रिटायर झाले, त्यांचे आलेले पैसे आणि आमची थोडी एफडी मिळून दोन गुंठे जागा बघायची ठरली. बाळे सोडून पुढं बार्शी रोडच्या आत एक प्लॉटिंग बघितलं. मोठी कमान, आत मुरमाचे रस्ते, चुना मारलेले दगड, बोर्डावर कलेक्टर एनए, टायटल क्लिअर, ताबडतोब खरेदी. एजंट म्हणला गड्ड्याच्या जत्रेआधी बुकिंग केलं तर स्क्वेअर फुटाला पन्नास रुपये कमी करतो. मिस्टरांनी त्याच संध्याकाळी ५१ हजार टोकन दिलं, मला फोन करून सांगितलं तेव्हा देऊन झालेलं होतं. मी शाळेत असते, मला जागेतलं काही कळत नाही, पण आमच्या शेजारच्या वहिनींचा भाऊ गुंठेवारीत, म्हणजे मंजुरी नसताना शेताचे गुंठे पाडून विकलेल्या जागेत, अडकलेला मी बघितलाय, घर बांधून पंधरा वर्षं झाली तरी अजून कागदं गोळा करतोय. त्या वहिनी म्हणल्या खरेदीखत करायच्या आधी एकदा ह्या काकांना दाखवा.

काका मोजणी खात्यातनं रिटायर झालेले आणि त्यांची भाची टाऊन प्लॅनिंग शिकलेली, मी तिला ताईच म्हणते. ऑफिस म्हणजे एक खोली, एक कपाट, भिंतीवर कपड्यावर चिकटवलेले गावनकाशे. एका गटाचे, म्हणजे जमिनीच्या एका सर्व्हे नंबरचे, ४,५०० रुपये, पावती देतात. आठ दिवस सांगितले होते, लागले एकोणीस, त्याबद्दल खाली लिहिते.

पहिल्या भेटीत मी गेल्या गेल्या विचारलं, काका एनए खरं आहे का तेवढं बघा. ते म्हणले, सगळं सोलापूर हेच विचारतंय, झोन काय हे कुणीच विचारत नाही. आणि मग अर्धा तास त्यांनी जे समजावलं त्याचेच ४,५०० वसूल झाले असं मला वाटतं. एनए म्हणजे बिनशेती, ते येतं महसूल अधिनियम १९६६ मधनं, म्हणजे शेतसारा कसा लावायचा त्याचा हिशोब. आणि कुठल्या जमिनीवर काय करता येईल, म्हणजे झोन, घर, कारखाना, शेती की बाग, ते ठरतं त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यातनं, प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, सगळे ज्याला एमआरटीपी म्हणतात तो. महसूल कायद्यात २०१७ ला ४२ब कलम आलं, विकास आराखडा मंजूर असेल आणि आराखड्यात जागा रहिवास विभागात असेल तर रूपांतरण कर भरला की झालं, वेगळी एनएची परवानगी काढायची गरज नाही. म्हणजे आधी झोन, मग एनए. आपण सगळे उलटीकडनं चाललोय. सातबाऱ्यावर मालक कळतो, बोजा कळतो, इतर हक्कात काय आहे ते कळतं, पण तिथं घर बांधता येईल का हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा लागतो. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या १५ रुपयात निघतो म्हणून आपल्याला वाटतं सगळं तपासलं.

त्यांनी आधीचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढल्या, झोन दाखल्याला अर्ज केला, आणि मग एका रविवारी सकाळी आम्हाला घेऊन जागेवर गेले. हा भाग मला सगळ्यात आवडला. एजंट आम्हाला प्लॉट नंबर दाखवत होता, काका प्लॉटकडं बघतच नव्हते, ते बाभळी कुठं आहेत, माती कुठं काळी आहे, मुरूम कुठं नवीन टाकलाय ते बघत हिंडत होते. शेजारच्या बांधावर एक आजी शेळ्या चारत होत्या. काकांनी विचारलं, आजी, पावसाळ्यात वरचं पाणी कुठनं जातंय ओ. आजींनी काठी केली ती सरळ त्या मुरमाच्या रस्त्यावर, हितनंच की, म्हणल्या, आता बुजवलंय त्येनी, पर पाणी इसरतंय व्हय.

मग काकांनी गाडीच्या बॉनेटवर गावनकाशा पसरला. त्यात त्या गटातनं नाला गेलेला स्वच्छ दिसत होता. आणि ले-आउटच्या नकाशात त्याच जागेवर ९ मीटरचा रस्ता आणि थोडी ओपन स्पेस. आमचा प्लॉट बरोबर वळणावर. नाला वळवूच नये असं काही नाही, २०२० पासून राज्यात जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली, यूडीसीपीआर म्हणतात तिला, त्यातही सोय आहे पण ती परवानगी घेऊन, पात्र किती रुंद ठेवायचं ते ठरवून घेऊन. इथं तसलं काहीच नव्हतं, जेसीबी लावला आणि मुरूम टाकला एवढंच. ताईंनी सांगितलं की नदीच्या बाबतीत निळी रेषा आणि लाल रेषा असते, निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणारा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवीन घर बांधायचंच नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मधी अटी घालून परवानगी मिळते. पण ह्या रेषा मोठ्या नद्यांना आखतात, आपल्या गावाकडच्या लहान नाल्यांना कोण आखतंय. तिथं गावनकाशा आणि शेळ्या चारणाऱ्या आजी एवढाच पुरावा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरच्या गावांत काय झालं ते आपण बघितलंय, हायवेवर पाणी आलं होतं, माझ्या वर्गातल्या दोन मुलांचं आजोळ तिकडं आहे, ती पंधरा दिवस शाळेत आली नव्हती. आजींचं ऐकताना मला तेच आठवत होतं.

रिपोर्ट आला त्यात हे निघालं. एनएची ऑर्डर खरी आहे, खोटी नाही, पण ती गटाच्या पुढच्या भागापुरती. मागचा भाग, म्हणजे जिथं आमचे दोन गुंठे, तो शेती विभागात, ज्याला ग्रीन झोन म्हणतात. बोर्डावर अख्ख्या गटाला एनए लिहिलेलं. महारेराचा, म्हणजे बिल्डर-प्लॉटिंगवाल्यांच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर नाही, आणि कायदा असा आहे की जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट ८ पेक्षा जास्त असतील तर विकायच्याच काय, जाहिरात करायच्या आधी नोंदणी पाहिजे. तिथं प्लॉट होते ६२. मी एवढी वर्षं वर्तमानपत्रात जाहिराती बघतेय, कधी खाली कोपऱ्यात रेराचा नंबर आहे का म्हणून बघितलं नव्हतं. आता सवय लागली, शाळेत स्टाफरूममधल्या सगळ्यांना लावली.

एक गोष्ट मी ताईंना विचारली, की एवढं पर्यावरण पर्यावरण ऐकतो, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे, भोपाळची गॅस दुर्घटना झाली त्याच्यानंतर आलेला, मग असं प्लॉटिंग करायला पर्यावरणाची परवानगी लागत नाही का. त्यांनी सांगितलं ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याच्या वर असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, आणि टाऊनशिपसारखं क्षेत्र विकसित करायचं असेल तर ५० हेक्टरपासून पुढं, म्हणजे सव्वाशे एकराच्या आसपास. आपल्याकडची प्लॉटिंगं दोन एकर, तीन एकर, पाच एकर. एकपण त्यात बसत नाही. पण एकाच नाल्यावर अशी दहा झाली तर नाला संपला की, मग ते एका माणसानं केलं काय आणि दहा जणांनी केलं काय. ही पळवाट नाही, कायद्याची आकडेवारीच तशी आहे. म्हणून मला वाटतं लहान गावांचं आणि शहराच्या कडेच्या भागाचं संरक्षण पर्यावरण कायद्यात कमी आणि झोनच्या नकाशात जास्त आहे, आणि तो नकाशा कुणी बघत नाही.

हिपरग्याच्या तलावाचं पण तेच. हा एकरूख तलाव इंग्रजांच्या काळातला, आदिला नदीवरचा, हिवाळ्यात तिथं बाहेरचे पक्षी येतात, आम्ही दरवर्षी पोरांना घेऊन जातो. मला वाटायचं की पाणथळ जागांचे नियम आहेत म्हणजे तलाव सुरक्षित. तर २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतनं सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी माणसानं बांधलेले तलाव बाहेर ठेवलेत. सोलापूर जिल्ह्यात नैसर्गिक सरोवरं आहेत किती, आपलं सगळं पाणी बांधलेल्या तलावातलंच. दुष्काळी जिल्ह्याला हा नियम कसा पुरणार ते मला कळत नाही.

पहिला प्लॉट सोडला. मग त्याच दरात हद्दवाढ भागातला एक दाखवला एका ओळखीच्यांनी. महापालिकेची हद्द १९९२ ला वाढली, आसपासची गावं आत आली, आणि शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकली गेली ती अजून निस्तरतायत. गुंठेवारी कायदा २००१ चा, आधी १ जानेवारी २००१ च्या आधीच्या प्लॉटांना होता, २०२१ ला दुरुस्ती करून तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. लोकांना ह्यातनं असं वाटतं की आज घ्या, उद्या सरकार परत तारीख वाढवेल. वाढवेलही, पण ह्या जागेचा भाग नकाशा काढला तर अर्ध्या प्लॉटवरनं डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यात आखलेला रस्ता. विकणारे म्हणले, अहो वीस वर्षं झाली रस्ता झाला नाही, आता काय होतोय. ताईंनी कलम १२७ सांगितलं, आराखडा मंजूर झाल्यापासनं १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. पण नोटीस द्यायला लागते, आपोआप काही होत नाही, आणि ह्या मालकांनी ती कधी दिलेलीच नव्हती. तीपण जागा गेली. ह्याचा रिपोर्ट मात्र पाच दिवसांत दिला आणि पैसे निम्मेच घेतले.

तिसरी जागा दिरांनी पुण्याहून पाठवली, व्हॉट्सअॅपवर आलेली. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला फार्म हाऊस प्लॉट, ५ गुंठे, निसर्गाच्या सान्निध्यात, जाहिरातीत चक्क माळढोक पक्ष्याचा फोटो. हे बघून मला राग आला. मी नान्नजला लहानपणी वडिलांबरोबर गेलेय, त्यांनी सायकल उभी करून मला खांद्यावर घेतलं होतं, लांब गवतात मान दिसली होती माळढोकाची, नुसती मान. नंतर वर्गाच्या सहली घेऊन कितीतरी वेळा गेले, काळवीट दिसतात, लांडगा दिसला एकदा, माळढोक परत दिसला नाही. आता त्याचं दिसणं म्हणजे बातमी होते.

ह्या जागेवर काकांनी मला गेलेल्या काळाचं पण सांगितलं, ते न्याय्य होतं म्हणून लिहिते. अभयारण्य १९७९ चं, पण १९८५ ला जी हद्द जाहीर केली ती ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात सोलापूर आणि नगर जिल्ह्यातली गावंच्या गावं, शेतं, वस्त्या सगळं आलं. शेतकऱ्याला विहीर खणायची तरी भीती, जमीन विकायची तरी अडचण. नंतर ते कमी करून १,२२२ वर आणलं. एवढी मोठी रेघ ओढली की आतल्या लोकांना माळढोक म्हणजे आपला वैरी वाटायला लागला, ते म्हणले, मोजणीला गेलो की लोक पक्ष्यालाच शिव्या द्यायचे. जमिनीचे नकाशे करताना तिथं राहणाऱ्याला विचारलं नाही तर असं होतं. आणि गवताळ माळाला आपण पडीक म्हणतो ही दुसरी चूक. झाड नाही म्हणजे काही नाही असं समजून त्यावर रोपं लावली, प्लॉट पाडले, आणि माळढोकाला तर झाडं नकोच असतात, त्याला लांबवर दिसणारा उघडा माळ लागतो, जमिनीवर अंडं घालतो तो, तेपण बहुतेक वेळा एकच.

तर त्या ५ गुंठ्याचं. एक, अभयारण्याभोवती इको सेन्सिटिव्ह झोन आहे, १९८६ च्याच कायद्याखाली, तिथं काय चालतं काय नाही त्याची वेगळी यादी असते आणि गावाचं, गटाचं नाव त्यात आहे का बघावं लागतं. दुसरं, शेती विभागात फार्म हाऊस चालतं पण त्याला कमीत कमी ०.४० हेक्टर म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते, ५ गुंठ्यावर फार्म हाऊस ही गोष्टच नाही. तिसरं तुकडेबंदी. १९४७ चा कायदा, २०२३ ला प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं, त्याच्या खालचा शेतजमिनीचा तुकडा असा विकता येत नाही. मग हे एजंट लोक काय करतात तर दहा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईकात लावतात, तुमचे ५ गुंठे नक्की कुठले ते कुठंच लिहिलेलं नसतं. आणि चौथं, कूळकायद्याच्या ६३ कलमाप्रमाणे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, आमच्याकडं कुणाच्याच नावावर शेती नाही. तुकडेबंदीत २०२५ ला शहराजवळच्या भागाला सवलत द्यायचं सरकारनं जाहीर केलं, त्याचा आधार देऊन एजंट आता सगळंच कायदेशीर झालं म्हणून सांगतायत. ताई म्हणल्या, शासनाचं पत्रक स्वतः वाचा, गावाचं नाव बघा, एजंटच्या स्टेटसवर जाऊ नका.

आता तक्रारी, कारण एक स्टार उगाच कापला नाही. आठ दिवसांचे एकोणीस झाले आणि त्यात चार वेळा फोन उचलला नाही, तिकडं एजंट रोज सांगतोय की टोकन बुडेल, आम्ही रात्री झोपलो नाही. दाखला सरकारी ऑफिसातनं यायला वेळ लागतो हे मान्य, पण तेवढं एक मेसेज करून सांगायला काय हरकत होती. दुसरं, रिपोर्टची भाषा. काका बोलतात तेव्हा शेळीवाल्या आजींना पण समजेल असं बोलतात आणि कागदावर सदरहू मिळकत, उपरोक्त अधिनियमातील तरतुदीस अधीन राहून. सासऱ्यांनी तीन वेळा वाचून शेवटी मला विचारलं की घ्यायचा का नाही तेवढं सांग. पहिल्या पानावर चार ओळींत साध्या मराठीत लिहा, घेऊ नका, कारण नाला, मागे कलमं टाका ना किती टाकायची ती. मी हे त्यांना सांगितलं, ताईंनी लिहून घेतलं. तिसरं, नकाशाची झेरॉक्स इतकी फिकट की मला भिंगातनं नाल्याची रेघ शोधावी लागली.

टोकनचं सांगायचं राहिलं, तीन महिन्यांनी ५१ पैकी ४० परत आले, तेही काकांनी रिपोर्टची कॉपी देऊन आम्हाला सांगितलं होतं की महारेराकडं तक्रार करणार असं लेखी द्या, ते दिल्यावर. अकरा गेले ते गेले.

शेवटी आम्ही जुळे सोलापुरात जुन्या मंजूर ले-आउटमधला सव्वा गुंठ्याचा प्लॉट घेतोय, गल्ली लहान आहे, रेट जास्त आहे, सासऱ्यांना दोन गुंठ्यात पेरू आणि शेवगा लावायचा होता तो आता एकच लावणार. त्याचा रिपोर्ट चांगला आला, फक्त एक शेरा आहे की ले-आउटच्या ओपन स्पेसवर कुणीतरी पत्र्याचं शेड मारलंय. ते सगळ्या प्लॉटधारकांचं असतं, मंजूर नकाशात बागेसाठी सोडलेलं. शेजारच्या आठ घरांच्या सह्या घेऊन महापालिकेत अर्ज दिलाय, पोच माझ्याकडं आहे. त्या जागेत दोन मोठी कडुलिंबाची झाडं आहेत, शेडवाल्यानं एकाच्या फांद्या आधीच छाटल्यात, म्हणून झाडांच्या १९७५ च्या कायद्याचा उल्लेख त्याच अर्जात घातला, ताईंनी त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी: अशा कुणाकडंही जाताना गट नंबर, एनए ऑर्डरची पूर्ण कॉपी (पहिलं पानच नाही, मागचा नकाशा आणि अटी पण), ले-आउटचा नकाशा आणि जागेचे पावसाळ्यातले फोटो असतील तर ते घेऊन जा. आणि टोकन देऊन जाऊ नका, आधी जा.